मॅजिक लँटर्नमधून कॅलिडोस्कोपची नक्षी पडद्यावर : सहापैकी एकच खंड का उजळतो?

पितळी_नळी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एक मॅजिक लँटर्न, म्हणजे काचपट्टीवरचे चित्र दिव्याच्या उजेडाने पडद्यावर मोठे करून दाखवणारे यंत्र, माझ्या संग्रहात आहे. काळ्या रोगणाचे पत्र्याचे घर, वर धुराडे, दोन सपाट-बहिर्वक्र भिंगांचा चार इंच व्यासाचा कंडेन्सर (दिव्याचा प्रकाश गोळा करणारी भिंगजोडी) आणि पितळी नळीत पुढे-मागे सरकणारे पेट्झवाल पद्धतीचे प्रक्षेपक भिंग, अशी तिची रचना आहे. मूळचा रॉकेलचा दिवा काढून जपून ठेवला असून त्याच्या जागी, ज्योतीच्याच उंचीवर, एक एलईडी बसवला आहे. जुन्या रंगीत काचपट्ट्या या दिव्यावर उत्तम दिसतात, त्यामुळे कंडेन्सर आणि भिंग यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

आता याच लँटर्नमधून कॅलिडोस्कोपची जिवंत, फिरती नक्षी पडद्यावर पाडावी असा विचार आहे. कल्पना अर्थातच जुनी आहे. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने १६५९ मध्ये मॅजिक लँटर्नची रेखाटने केली, स्कॉटिश शास्त्रज्ञ ब्रूस्टरला १८१७ मध्ये कॅलिडोस्कोपचे पेटंट मिळाले आणि १८१९ च्या आपल्या ग्रंथात त्याने कॅलिडोस्कोप मॅजिक लँटर्नला, सौर सूक्ष्मदर्शकाला आणि कॅमेरा ऑब्स्क्युराला कसा जोडता येईल याचाही विचार केला. म्हणजे हे दोन्ही यंत्रप्रकार एकत्र आणण्याची इच्छा कॅलिडोस्कोपइतकीच जुनी म्हणायला हरकत नाही. असे असूनही लँटर्नच्या संग्रहांत चित्रांच्या पट्ट्या ढिगाने आढळतात आणि कॅलिडोस्कोपची जोडणी क्वचितच दिसते. असे का, हा माझ्या कुतूहलाचा एक भाग आहे.

सध्याची मांडणी अशी आहे. काचपट्टी जिथे सरकवतात त्या खाचेत दोन काचांची चपटी गोल डबी असून तिच्यात रंगीत काचेचे तुकडे आहेत. डबीच्या पुढे, भिंगापर्यंतच्या जागेत, ६० अंशांचा कोन करून दोन आरसे एका नळीत बसवले आहेत. हाताने धरायच्या कॅलिडोस्कोपमध्ये असतात तसेच ते नळीच्या मध्यभागी आहेत. पडद्यावर सहा खंडांची आकृती उमटते खरी, परंतु प्रत्यक्ष तुकड्यांचा एक खंड लख्ख दिसतो, त्याच्या दोन्ही बाजूंचे खंड अर्धवट उजळतात आणि समोरच्या बाजूचे जवळजवळ काळे राहतात. तीच नळी डोळ्याला लावली तर सहाही खंड सारखे दिसतात. आरसे तेच, डबी तीच, मग लँटर्नमध्येच असे का व्हावे?

तिरपा_किरण

प्रश्नातच निम्मे उत्तर आहे. नळी डोळ्याला लावता तेव्हा मागे बहुधा खिडकी किंवा आकाश असते, म्हणजे तुकड्यांवर सर्व दिशांनी उजेड पडतो. लँटर्नमधला उजेड तसा नसतो. कंडेन्सरचे कामच मुळी असे आहे की दिव्याचा प्रकाश गोळा करून तो काचपट्टीतून पार करायचा आणि प्रक्षेपक भिंगाच्या तोंडाशी एका लहानशा ठिपक्यात आणून सोडायचा. तो ठिपका म्हणजे ज्योतीची किंवा तुमच्या एलईडीची प्रतिमा होय. साध्या पट्टीसाठी ठिपका भिंगात मावला की काम झाले, तो भिंगाच्या नेमक्या कोणत्या भागातून गेला याने फारसे बिघडत नाही. कॅलिडोस्कोपमध्ये मात्र सगळे त्यावरच अवलंबून असते.

दोन आरसे जिथे एकमेकांना भिडतात त्या रेषेला सांधरेषा म्हणू. तिच्याभोवती पूर्ण वर्तुळाचे सहा खंड कल्पा. त्यांपैकी एक खंड खरा, म्हणजे दोन आरशांमधली मोकळी जागा, आणि उरलेले पाच आरशांतले. आता ठिपका भिंगापाशी कुठे पडतो ते पाहा. ठिपक्याचा जो भाग आरशांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडतो, तो कुठेही न आपटता सरळ भिंगात जातो आणि पडद्यावर फक्त खरा खंड उजळतो. जो प्रकाश डाव्या आरशाच्या पलीकडे पडायला निघाला होता, तो वाटेत त्या आरशावर आदळतो, आत वळतो आणि डाव्या बाजूचा खंड उजळतो. उजवीकडेही तसेच. सांधरेषेच्या थेट मागे, खऱ्या खंडाच्या विरुद्ध बाजूला जाऊ पाहणारा प्रकाश तीन वेळा परावर्तित होऊन समोरचा खंड उजळतो. थोडक्यात, ठिपक्याचा एकेक तुकडा पडद्यावरच्या एकेका खंडाचा धनी असतो. तुमची नळी डोळ्याच्या कॅलिडोस्कोपसारखी केंद्रात बसवली असल्यामुळे भिंगाचा आणि कंडेन्सरचा अक्ष दोन आरशांच्या मधल्या मोकळ्या जागेतून जातो, सांधरेषा एका कडेला राहते आणि जवळपास सगळा ठिपका एकाच खंडाच्या वाट्याला येतो.

उपाय एवढाच की सांधरेषा लँटर्नच्या अक्षावर आणावी. आरशांची जोडी नळीच्या मध्यावर न बसवता अशी सरकवावी की सांधा बरोबर कंडेन्सरच्या आणि भिंगाच्या मध्यातून जाईल. मग ठिपका सांध्याभोवती सगळीकडे सारखा पसरेल आणि सहाही खंडांना आपापला हिस्सा मिळेल. तपासण्यासाठी आरसे काढून भिंगाच्या जागी पातळ कागद धरावा, ठिपक्याची कड पेन्सिलीने आखावी, मग आरसे परत बसवून सांधा त्या आखलेल्या गोलाच्या मध्यावर येतो का ते पाहावे. ठिपका फार लहान असेल तर सांधा केसभर हलला तरी एखादा खंड विझेल, म्हणून या कामासाठी बारीक तेजस्वी बिंदूपेक्षा थोडा पसरट दिवा बरा. गंमत अशी की चित्रांच्या पट्ट्यांसाठी नावाजलेला लाइमलाइट, ज्यात चुन्याचा एक लहानसा ठिपका तापून पांढराशुभ्र होतो, तो इथे रुंद वातीच्या दिव्यापेक्षा जास्त नेमकेपणा मागतो.

ब्रूस्टरने डोळ्यासाठी सांगितलेली अट आणि ही अट मुळात एकच आहेत. नक्षी सर्वत्र सारखी उजळलेली आणि सममित दिसायची तर डोळा सांध्याच्या जितका जवळ तितका चांगला, असे तो सांगतो. लँटर्नमध्ये डोळ्याच्या जागी भिंग आले आहे, इतकेच.

वाचनमात्र

एक भाबडा प्रश्न. आतल्या जोडणीला हात न लावता, लँटर्नच्या भिंगापुढे बाहेरून आरशांची नळी धरली तर चालणार नाही का? आत साधी रंगीत पट्टी ठेवायची आणि नळी हाताने फिरवायची. जुन्या यंत्राला धक्काही लागणार नाही.

तिरपा_किरण

प्रश्न भाबडा नाही, कारण बहुतेकांना हाच मार्ग आधी सुचतो. पडद्यावर काहीतरी अनेकपट नक्कीच दिसेल, परंतु खंडांच्या कडा धूसर राहतील आणि प्रतिमा एकमेकींवर चढतील. कॅलिडोस्कोपची दुसरी अट अशी आहे की वस्तू आरशांच्या टोकाला भिडलेली असावी. आरशाची कड आणि वस्तू एकाच पातळीत असतील तरच भिंग दोन्हींना एकदम फोकसमध्ये आणते आणि वस्तू व तिचे प्रतिबिंब यांच्यामध्ये फट राहत नाही. नळी भिंगाबाहेर असली की तिची जवळची कड भिंगापाशी, दूरची कड हवेत, आणि स्पष्ट प्रतिमा कित्येक पावले पुढे पडद्यावर. आरशाच्या कोणत्याही टोकाशी प्रतिमा नाही, मग खंडाला धारदार कड येणार कुठून? ढगांसारखी मऊ, सरकती रंगछटा हवी असेल तर हा मार्ग जरूर वापरावा. चांदणीची टोके मोजता यावीत अशी नक्षी हवी असेल तर आरसे काचपट्टी आणि भिंग यांच्या मध्येच हवेत.

रंगचक्र

मी थोडा विरोधी सूर लावतो. पितळी_नळी यांनी विचारले आहे की अशा जोडण्या क्वचितच का दिसतात. माझ्या मते त्याचे कारण तांत्रिक अडचणीइतकेच क्रोमाट्रोप हेही आहे. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाकडी चौकटीत एकापुढे एक अशा दोन गोल काचा असतात, दोन्हींवर केंद्रातून निघणारे वक्र पट्टे पारदर्शक रंगांत रंगवलेले असतात आणि चौकटीबाहेरची मूठ फिरवली की दोऱ्याच्या पट्ट्याने किंवा दात्यांनी दोन्ही काचा उलट दिशांना फिरतात. पट्टे एकमेकांना छेदतात, छेदबिंदू केंद्राकडून बाहेर धावतात आणि मूठ उलटी फिरवली की बाहेरून आत ओढले जातात. १८४० च्या दशकापासून ही पट्टी लँटर्नच्या कार्यक्रमांत अतिशय लोकप्रिय झाली. चित्रकार आणि लँटर्नवाला हेन्री लँगडन चाइल्ड याच्या नावाशी तिचा संबंध जोडला जातो, आणि लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेतील मोठ्या लँटर्नच्या प्रयोगांत त्याचे काम गाजले.

आता तुलना करा. क्रोमाट्रोपला कंडेन्सरचा सगळा प्रकाश मिळतो, आरशांत काही गळत नाही, खाचेत पट्टी सरकवली की तयार, आणि तीच लँटर्न पुढच्याच क्षणी प्रवासचित्रे दाखवायला मोकळी. आयडोट्रोप याहून सोपा. त्यात जाळीसारखी भोके पाडलेल्या दोन पत्र्याच्या चकत्या उलट फिरतात आणि पडद्यावर प्रकाशाच्या बिंदूंची लाटांसारखी हलणारी जाळी दिसते. शेकडो प्रेक्षकांसमोर, अंधूक दिव्यावर, धंदा म्हणून खेळ करणाऱ्याने कॅलिडोस्कोपच्या नाजूक जोडणीच्या नादी का लागावे?

तरीही दोन्हींत मूलभूत फरक आहे हे मान्य करतो. क्रोमाट्रोपची नक्षी रंगवणाऱ्याने आधीच ठरवलेली असते, एक फेरा पूर्ण झाला की तीच पुन्हा येते. कॅलिडोस्कोपमध्ये तुकडे कसे पडतील हे दाखवणाऱ्यालाही ठाऊक नसते. त्यामुळे प्रेक्षकांइतकाच लँटर्नवालाही पडद्याकडे पाहत राहतो. माझा कल मात्र क्रोमाट्रोपकडेच आहे, हे लपवत नाही.

पितळी_नळी

तिरपा_किरण, तुमचे निदान तंतोतंत लागू पडले. आरशांची जोडी नव्या नळीत अशी बसवली की सांधा बरोबर अक्षावर येतो आणि खरा खंड अक्षाच्या खाली उघडतो. सहाही खंड उजळले. समोरचा खंड किंचित मंद आहे, पण मुद्दाम शोधल्याशिवाय लक्षात येत नाही. कागदावर ठिपका आखण्याच्या युक्तीचा विशेष उपयोग झाला, कारण एलईडीची प्रतिमा मध्यापासून बरीच वर सरकलेली असल्याचे त्यामुळेच कळले. कंडेन्सरची प्रतिमा उलटी असते, म्हणून दिवा थोडा वर घेतला आणि ठिपका खाली जागेवर आला.

मापे विचारली जातील म्हणून लिहून ठेवतो. भिंगाचे नाभीय अंतर १५० मिमी आहे आणि पडदा ३ मीटरवर. या हिशेबाने प्रतिमा १९ पट मोठी होते आणि डबी भिंगापासून सुमारे १५८ मिमीवर यावी लागते. खऱ्या खंडाची त्रिज्या ३५ मिमी, म्हणजे पूर्ण नक्षीचा व्यास ७० मिमी, आणि पडद्यावर ती सव्वा मीटरहून थोडी मोठी, साधारण १.३३ मीटर पडते. आरशांची लांबी मात्र १५८ मिमी धरता येत नाही. पेट्झवाल भिंगात दोन भिंगजोड्या एकमेकींपासून लांब असतात, त्यामुळे मागच्या काचेपासून डबीपर्यंतचे अंतर नाभीय अंतरापेक्षा बरेच कमी भरते. आधी आरसे न लावता डबीतला एखादा तुकडा फोकसमध्ये आणावा, मग मागच्या काचेपासून डबीपर्यंतची जागा पट्टीने मोजावी आणि आरसे त्याहून चार-पाच मिलिमीटर आखूड कापावेत. ती मोकळीक भिंगाच्या बाजूला सोडायची, डबीच्या बाजूला नाही. आरसे भिंगाकडे निमुळते ठेवले तरी चालतात, कारण तिथे भिंगाच्या त्रिज्येइतकीच रुंदी लागते.

आता उजेडाबद्दल. नक्षी सुंदर आहे, पण साध्या पट्टीच्या मानाने फारच मंद. हे आरशांमुळे की आणखी कशामुळे?

तिरपा_किरण

आरशांमुळे थोडे, मांडणीमुळे बरेच. सांधा अक्षावर आणल्यावर कंडेन्सरच्या गोल उजेडापैकी फक्त ६० अंशांचा खंड, म्हणजे एक षष्ठांश, आरशांच्या मध्ये शिरतो. बाकीचे पाच हिस्से आरशांच्या पाठीवर पडून वाया जातात. आत शिरलेला तो सहावा हिस्सा पडद्यावर पूर्ण वर्तुळभर पसरायचा असतो. म्हणून आरसे शंभर टक्के परावर्तन करणारे असते तरी नक्षीची सरासरी उजळणी तेवढ्याच आकाराच्या साध्या पट्टीच्या एक षष्ठांशच राहिली असती. ४५ अंशांना ती एक अष्टमांश, ३० अंशांना एक बारांश. रंगचक्र यांच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा याच अपूर्णांकात आहे. वातीच्या दिव्याचा आधीच अपुरा प्रकाश, त्याचा सहावा हिस्सा, तोही रंगीत काचेतून गाळलेला! मोठ्या सभागृहात त्यातून काय दिसणार?

आरशांचा तोटा त्यावर वेगळा. ६० अंशांत शेजारच्या दोन खंडांना एक परावर्तन लागते, त्यापुढच्या दोघांना दोन आणि समोरच्या एकाला तीन. आरसा ९० टक्के परावर्तन करत असेल तर समोरच्या खंडापर्यंत सुमारे ७३ टक्के पोहोचतात, ८० टक्के करत असेल तर जेमतेम ५१. आरसा थोडा वाईट झाला की समोरचा खंड बराच वाईट होतो, तो असा.

कोनमापक

कोनाबद्दल थोडे तपशिलात लिहितो, कारण पडद्यावर लहानशी चूकही १९ पट मोठी दिसते.

कोन असा हवा की ३६० ला त्याने भागल्यावर सम संख्या यावी. ६० अंशांना सहा खंड आणि तीन टोकांची चांदणी, ४५ ला आठ खंड आणि चार टोके, ३६ ला दहा खंड आणि पाच टोके, ३० ला बारा खंड आणि सहा टोके. ७२ अंश घेतले तर भागाकार पाच येतो, पण खंड एकाआड एक उलटे होत जात असल्याने विषम संख्येत शेवटचे दोन खंड सांध्याशी जुळत नाहीत. नक्षी एका जागी फाटलेली दिसते आणि ती फट झाकण्याचा कोणताही उपाय नाही.

कोन लावताना कोनमापक यंत्रावर विसंबू नये. डबीच्या जागी दोन्ही आरशांच्या टोकांना टेकणारी एक बारीक सरळ तार आडवी ताणावी, सांध्यापासून दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर. पडद्यावर तिचा षट्कोन उमटतो. पाच कोपरे पाहण्यात वेळ घालवू नका, तारेच्या अगदी समोरचा भाग पाहा. कोनात अर्ध्या अंशाची चूक असेल तर सहा खंडांची मिळून तीन अंशांची चूक होते आणि ती सगळी तिथेच साचते. षट्कोन बंद होत नसेल किंवा रेषा एकमेकींवर चढत असतील तर एका आरशाच्या मागचा स्क्रू थोडा आवळावा किंवा सैल करावा. तार बंद झाली की कोन बरोबर. यापेक्षा सूक्ष्म मोजमापाची गरज पडत नाही.

तीन आरशांचा समभुज त्रिकोण अनेकांना मोहात पाडतो, कारण डोळ्याला लावल्यावर त्याची नक्षी चारही दिशांना न संपता पसरलेली दिसते. लँटर्नसाठी तो टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. दोन आरशांत सगळे खंड एकाच सांध्याभोवती असतात, म्हणून एकाच ठिपक्याने त्यांचे भागते. तीन आरशांत दूरदूरचे त्रिकोण उजळायला खूप तिरक्या कोनात निघालेला प्रकाश लागतो आणि कंडेन्सरचा आटोपशीर शंकू तो देत नाही. पडद्यावर मधले काही त्रिकोण दिसतात आणि बाहेर अंधार. डबीमागे दुधी काच लावून उजेड विखुरला तर बाहेरचे त्रिकोण दिसू लागतात, पण विखुरलेल्या प्रकाशाचा फार मोठा भाग भिंगात पोहोचतच नाही, आणि आधीच मंद असलेली नक्षी आणखी मंद होते.

संग्रहपाल

चर्चा रंगली आहे, पण यंत्र जुने आहे याची आठवण कोणीतरी करून द्यायला हवी.

पितळी_नळी यांनी मूळ दिवा सुटा जपून ठेवला हे योग्यच केले. हाच नियम पुढेही पाळावा : लँटर्नला नवे भोक पाडायचे नाही, मूळ नळी कापायची नाही, रोगण खरवडायचे नाही. अनेक लँटर्नांची पुढची नळी फिरवून किंवा ओढून सुटते. तिच्या जागी तेवढ्याच बाह्य व्यासाची नवी नळी करावी, तिच्यात आरसे आणि साधे आधुनिक भिंग बसवावे, आणि मूळ भिंग कपाटात ठेवावे. जोडणी काढल्यावर यंत्र जसेच्या तसे राहिले पाहिजे.

विसाव्या शतकातल्या विजेच्या लँटर्नांबाबत जास्त सावध राहावे लागते. काहींच्या आत उष्णता अडवण्यासाठी ॲस्बेस्टॉसचे पत्रे लावलेले असतात. करडा, कागदी पुठ्ठ्यासारखा, कडेला तंतू सुटलेला थर दिसला तर तो ब्रशने झाडू नये, फुंकू नये, यंत्र चालूही करू नये. जुनी कापडी वेष्टनाची वायर तर सरळ काढून टाकावी. पत्र्याचे घर आणि नादुरुस्त वायर यांचा संयोग जीवघेणा असतो. लाइमलाइट पुन्हा पेटवून पाहण्याची हौस कोणी बाळगू नये, कारण ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या पिशव्या दाबून चालणारे ते दिवे त्यांच्या काळातही स्फोटांसाठी कुप्रसिद्ध होते.

रंगचक्र यांच्याकडे क्रोमाट्रोप असेल तर त्यांनाही एक विनंती. रंगवलेले पृष्ठभाग सहसा आतल्या बाजूला, एकमेकांसमोर असतात. रंगाचा एखादा पापुद्रा सुटून मध्ये अडकला असेल तर मूठ फिरवल्याबरोबर तो दुसऱ्या काचेवर गोल ओरखडा काढतो आणि तो ओरखडा कायमचा. फिरवण्यापूर्वी पट्टी उजेडात तिरकी धरून दोन काचांच्या मधली फट पाहावी.

रंगचक्र

सूचना योग्य आहे. माझ्या पट्टीचा दोरा सैल झाला असल्याने ती सध्या फिरवतच नाही. तिची नवी प्रतिकृती करून कार्यक्रमांत तीच वापरतो.

वाचनमात्र

आरसे कोणते घ्यावेत? घरातल्या साध्या आरशाच्या पट्ट्या कापल्या तर चालतील का? ब्रूस्टरच्या काळी तरी कुठे खास आरसे मिळत असतील?

कोनमापक

साध्या आरशाचा मुलामा काचेच्या पाठीमागे असतो आणि त्यामुळे दोन दोष येतात. पहिला म्हणजे दुहेरी प्रतिमा. काचेचा पुढचा पृष्ठभागही थोडा प्रकाश परावर्तित करतो. समोरून पाहताना ते प्रमाण चारेक टक्केच असते, म्हणून रोजच्या आरशात ते जाणवत नाही. कॅलिडोस्कोपमध्ये मात्र किरण आरशाला जवळजवळ समांतर, घासून जातात. अशा वेळी नुसत्या काचेचे परावर्तन झपाट्याने वाढते. आपतन कोन (पृष्ठभागाच्या लंबापासून मोजलेला किरणाचा कोन) ८० अंश असेल तर ते ४० टक्क्यांच्या जवळ पोहोचते आणि ८५ अंशांना ६० टक्क्यांच्या. म्हणजे पुढची भुताटकी प्रतिमा मुख्य प्रतिमेशी बरोबरी करू लागते. दुसरा दोष सांध्याशी असतो. काचेच्या जाडीमुळे दोन मुलामे एकमेकांना भिडतच नाहीत आणि नक्षीच्या केंद्रात, जिथे सगळ्यांची नजर जाते नेमके तिथेच, एक काळपट चांदणी राहते. पुढच्या पृष्ठभागावर ॲल्युमिनियमचा मुलामा असलेले आरसे घेतले की दोन्ही दोष जातात. अशा आरशांना बोट लावू नये, कापडाने पुसू नये, धूळ फक्त हवेने उडवावी.

जुन्या काळाबद्दल विचारले आहे म्हणून सांगतो. काचेवर चांदीचा रासायनिक मुलामा देण्याची जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिखची पद्धत १८३५ ची. त्याआधीचे सर्वसाधारण आरसे कथील आणि पारा यांच्या मिश्रणाचे असत आणि त्यांचाही मुलामा पाठीमागेच असे. त्यावर एक तोडगा म्हणजे मागून काळी केलेली नुसती गुळगुळीत काच वापरणे. घासून जाणाऱ्या किरणांसाठी ती बऱ्यापैकी आरसा ठरते आणि दुहेरी प्रतिमा देत नाही. लांब, सडपातळ हातनळीत हे चालून जाते. लँटर्नमध्ये आरसे आखूड आणि रुंद असल्यामुळे किरण तेवढे घासून जात नाहीत. ४० टक्क्यांची तीन परावर्तने म्हणजे सहा टक्के, त्यामुळे समोरचा खंड जवळजवळ नाहीसाच होईल.

पितळी_नळी

शेवटचा प्रश्न डबीचा. तुकडे पडतात, पण धाडकन पडतात. पडद्यावर ती हालचाल इतकी मोठी दिसते की नक्षी बदलली हे कळण्याआधीच नवी नक्षी उभी असते. शिवाय काही वेळा खऱ्या खंडात एकही तुकडा नसतो आणि पडदा रिकामा राहतो.

तिरपा_किरण

रिकाम्या पडद्याचे कारण गुरुत्वाकर्षण. डबी उभी असते, त्यामुळे तुकडे तळाशी साचतात. तुमचा खंड खाली उघडतो म्हणजे ढीग त्याच्या रुंद भागात, परिघाजवळ राहतो आणि सांध्याजवळची अरुंद जागा मोकळी पडते. आरशांची नळी फिरवून खंड तिरका, घड्याळातल्या चार वाजताच्या दिशेला आणा. मग डबी घड्याळाच्या उलट दिशेने सावकाश फिरवली की तळाचे तुकडे खंडाच्या परिघाकडून वर चढतात आणि कलंडल्यावर त्याच्या सबंध लांबीवरून खाली घरंगळतात. आरसे स्थिर ठेवून फक्त डबी फिरवावी, आरसे फिरवले तर सगळी नक्षीच गरगरते. डबी निम्म्याहून थोडी कमी भरावी.

वेग कमी करायचा असेल तर डबीत द्रव भरावा. अमेरिकेतील कॅलिडोस्कोप-निर्माता चार्ल्स बुशने १८७० च्या दशकात द्रव भरलेल्या बंद काचनळ्या कॅलिडोस्कोपमध्ये वापरल्या, त्यांच्यातला हवेचा बुडबुडा डबी थांबल्यावरही सरकत राहतो. ग्लिसरीनमध्ये तुकडे संथ उतरतात. मात्र काच आणि ग्लिसरीन यांचे अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचे प्रमाण) जवळचे असल्याने रंगहीन काचेच्या कडा त्यात दिसेनाशा होतात, म्हणून द्रवाच्या डबीत गडद रंगाचे तुकडे, तारेची वेटोळी आणि अपारदर्शक मणी यांचे प्रमाण वाढवावे. एलईडीची उष्णता कमी असली तरी द्रव प्रसरण पावतो. डबीत थोडी हवा ठेवलीच पाहिजे.

डबीची आरशांकडची काच शक्य तितकी पातळ घ्या, सूक्ष्मदर्शकाच्या आच्छादक काचेइतकी मिळाली तर उत्तम. तिची जाडी म्हणजे तुकडे आणि आरशांची कड यांच्यातली फटच. आतली खोलीही तुकड्यांना हलता येईल इतपतच, तीन-चार मिलिमीटर, असावी. खोली वाढली की मागचे तुकडे फोकसबाहेर जातात आणि सांध्याशी प्रतिबिंबांशी जुळत नाहीत.

कोनमापक

एक भर घालतो. रंगीत काचेऐवजी सेलोफेनचे चुरगळलेले तुकडे भरून पाहा, डबीच्या मागे एक ध्रुवक (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पार होऊ देणारा पडदा) आणि पुढे त्याला काटकोनात दुसरा. पार्श्वभूमी काळी होते आणि रंगहीन सेलोफेन जाडीनुसार निळा, पिवळा, जांभळा दिसतो. पुढचा ध्रुवक भिंगापाशी नव्हे, डबी आणि आरसे यांच्या मध्येच हवा. तिरक्या परावर्तनात प्रकाशाची ध्रुवणस्थिती बदलते, त्यामुळे तो आरशांनंतर लावला तर प्रत्येक खंडाचा रंग वेगळा येतो आणि सममिती मोडते. पातळ फिल्मचा ध्रुवक घेतला तर फट फार वाढत नाही. उजेड मात्र निम्म्याहून कमी होईल, तेव्हा पडदा ३ मीटरवरून दीड-दोन मीटरवर आणावा लागेल आणि त्या अंतरासाठी डबी भिंगापासून आणखी काही मिलिमीटर मागे सरकवावी लागेल. आरसे आधीच आखूड कापले असतील तर ती जागा डबीच्या बाजूला उघडी पडते, म्हणून ध्रुवकाचा प्रयोग करायचा असल्यास पडद्याचे अंतर आधी ठरवावे आणि आरसे मग कापावेत.